बाबांच्या झोपेची उतरण

९ फेब्रुवारी

दादा,

पत्राची सुरुवात नमस्काराने करतात, तेव्हा तो धर. फोनवर आपण दोघंही तिसऱ्या वाक्याला आवाज चढवतो, म्हणून लिहिते आहे. कागदावर ओरडता येत नाही.

बाबांचा रक्तदाब ठीक आहे. भूक ठीक आहे. झोप ठीक नाही. गेली दोन वर्षं ते कधी रात्र रात्र जागे असतात, कधी दिवसभर घोरत पडतात. जागे असले की खाटेवर बसून जुन्या वर्तमानपत्रांच्या घड्या घालतात. चाळीस वर्षं पुस्तकं बांधली, त्यामुळे डोळे गेले तरी बोटांना घडी घातल्याशिवाय चैन पडत नाही. पहाटे तीनला कागदावरून नख फिरल्याचा आवाज भिंतीपलीकडून येतो. मग हाक मारून जेवायला मागतात. 'अजून उजाडलं नाही' असं मी म्हटलं की म्हणतात, 'माझ्यासाठी कधी उजाडलंय?' पहिल्यांदा मी हसले होते.

मध्येच बारा-पंधरा दिवस बरे जातात. मग डॉक्टर म्हणतात गोळी लागू पडली, मीही म्हणते पडली, आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. हल्ली विसरतातही. दोनदा मला आई समजून हाक मारली. डॉक्टर म्हणतात, वय झालं.

आता मुद्दा. शहराबाहेर वृद्धांची एक संस्था आहे. मी जाऊन पाहून आले. फरशी कोरडी असते आणि रात्रपाळीला दोन माणसं असतात. एक एप्रिलला तिथे एक खाट रिकामी होते आहे. ही गेली तर पुढची कधी मिळेल सांगता येत नाही. दोन्ही मुलांच्या सह्या लागतात. अर्ज सोबत आहे, पेन्सिलीने फुली केली आहे तिथे सही कर.

अडीच वर्षांपूर्वी तू त्यांना तुझ्याकडे न्यायला आलास तेव्हा मी काय बोलले, ते तू मला ऐकवशील. मला पाठ आहे. 'माझ्या जिवात जीव आहे तोवर बाबा या घरातून हलणार नाहीत.' जिवात जीव आहे, दादा. झोप नाही. गेल्या महिन्यात मी प्रयोगशाळेत उंदरांच्या अंधाऱ्या खोलीत, त्यांना न दिसणाऱ्या लाल विजेरीऐवजी, फोनचा पांढरा उजेड लावून शिरले. पाच मिनिटं वावरले आणि मग लक्षात आलं. तेवढ्यात चोवीस उंदरांची अंगातली घड्याळं सरकली आणि मॅडमचं अकरा आठवड्यांचं काम पाण्यात गेलं. एकवीस वर्षांत माझ्या हातून असं झालं नव्हतं. मॅडम काही बोलल्या नाहीत. 'घरी जा आणि झोपा' एवढंच म्हणाल्या. बोलल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

सही लवकर पाठव.

धाकटी


२७ फेब्रुवारी

दादा,

अर्ज मिळाला. सही बरोबर जागी आहे. सोबत एक शब्द नाही असं वाटलं होतं, पण मागच्या बाजूला तुझी एक ओळ सापडली. 'बाबांची खाट खिडकीशीच आहे ना, संस्थेतही खिडकीजवळची माग, त्यांना वारा लागतो.'

खाट आतल्या खोलीत आहे. तिथून न्हाणीघर सहा पावलांवर आहे, वाटेत उंबरा नाही. सोयीसाठी तसं केलं. संस्थेत खिडकीचं विचारीन.

त्यांना चार आठवड्यांची झोपेची नोंद हवी आहे. माणूस कधी झोपला आणि कधी उठला, म्हणजे रात्रपाळीचा अंदाज येतो. ती मी अर्ज पाठवला त्या दिवसापासून ठेवते आहे. दिवसा शेजारच्या काकू सांगतात, रात्री मी असतेच. सवयीप्रमाणे आमच्याकडचाच आखीव कागद घेतला.

वहिनी विचारत होत्या असं मावशी म्हणाली, की मी उंदरांचं नक्की करते काय. वहिनींना सांग, मी उंदरांच्या वेळा पाहते. प्रत्येक पिंजऱ्यात एक चाक असतं. उंदीर जागा झाला की चाकात पळतो, झोपला की चाक थांबतं. चाक फिरलं की कागदावर काळी पट्टी उमटते. एका दिवसाची एक ओळ, तिच्याखाली दुसऱ्या दिवसाची. खोलीतला दिवा रोज ठरल्या वेळी लागला आणि विझला, तर पट्ट्या एकाखाली एक सरळ येतात, भिंतीतल्या विटांसारख्या. दिवा कायमचा बंद ठेवला तर उंदीर बिघडत नाही. तो स्वतःच्या अंगातल्या घड्याळावर चालतो. फक्त ते घड्याळ चोवीस तासांना थोडं कमी पडतं, म्हणून तो रोज जरा लवकर उठतो आणि पट्ट्या एका बाजूला घसरत जातात. त्याला आम्ही उतरण म्हणतो.

आमच्याकडे आंधळे उंदीरही आहेत. ज्या पेशींनी दिसतं त्या त्यांना नाहीतच. तरी दिव्याच्या वेळा पाळून त्यांच्या पट्ट्या सरळ येतात. डोळ्याच्या पडद्यावर आणखी थोड्या पेशी असतात, त्यांत मेलानॉप्सिन नावाचं एक प्रथिन असतं. त्याला चित्र दिसत नाही, उजेड आहे की नाही एवढंच कळतं. ते तेवढीच खबर मेंदूतल्या तांदळाच्या कणीएवढ्या गाठीला देतं, आणि शरीराचं घड्याळ त्या गाठीत आहे. ती खबर मिळाली की घड्याळ रोज जागेवर येतं. एवढंच. वहिनींना कंटाळा आला असेल तर इथेच थांबव.

धाकटी


१३ मार्च

दादा,

काल जे झालं ते झालं तसं लिहिते.

नोंद पूर्ण झाली होती. तो कागद दुपारी संस्थेत द्यायचा म्हणून मी टेबलावर ठेवला होता. मॅडम आल्या, उभ्या उभ्याच तो उचलला आणि म्हणाल्या, "हा कुठला पिंजरा?"

मी म्हटलं, "पिंजरा नाही, मॅडम."

त्यांनी ऐकलं नाही. "याच्या खोलीतला दिवा गेलाय. टायमर बघून या बरं." मग कागद जवळ धरला. "थांबा. हा उलट्या बाजूला सरकतोय. आपले रोज थोडे लवकर उठतात, हा रोज अर्धा तास उशिरा झोपतोय. नवीन जात आणली का कोणी?"

मी म्हटलं, "ते आमचे बाबा आहेत."

मॅडमनी चष्मा काढला. त्या चष्मा काढतात तेव्हा मी साधारण खोलीबाहेर जाते.

"त्यांच्या खोलीत दिवा नाही?"

"आहे. लावत नाही."

"का?"

दादा, आंधळ्या उंदरांच्या खोलीतला दिवा मिनिटाबरहुकूम लागतो की नाही, हे मी चौदा वर्षं पाहते आहे. नवीन आलेलं कोणी 'यांना दिवा कशाला' असं विचारतं, तेव्हा मी त्याला दहा मिनिटं समजावून सांगते. आणि बाबांचा कागद महिनाभर मी माझ्या हाताने आखला. दहा फेब्रुवारीला रात्री बाराला झोपले, तिथून रोज अर्धा तास पुढे, आणि परवा दुपारी अडीचला. पट्टीने आखल्यासारखी उतरण. उंदराची असती तर मी तिसऱ्या दिवशी ओळखली असती.

दोन वर्षांतले ते बरे दिवसही कळले. माणूस रोज अर्धा तास घसरत राहिला तर अठ्ठेचाळीस दिवसांनी फिरून जागेवर येतो. त्यांची झोप रात्रीच्या जागी यायची तेव्हा आम्हाला बारा-पंधरा दिवस बरे वाटायचे. गोळीचा काही संबंध नव्हता.

आज सकाळी मी त्यांची खाट समोरच्या खोलीत, खिडकीशी हलवली. कागद संस्थेत दिलेला नाही. तिथली खाट मात्र सोडलेली नाही. उजेडाचं हे खरं आहे की नाही, मला अजून माहीत नाही.

धाकटी


२२ मार्च

दादा,

तुझं पत्र मिळालं. 'आधी ठेवणार, मग पाठवणार, मग पुन्हा ठेवणार, बाबा म्हणजे काय तुझ्याकडचं कपाट आहे का?' हे मी दोनदा वाचलं. यात चूक काढता येत नाही.

बुधवारी त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. बघायला काही उरलं नाही म्हणून चार वर्षं तिकडे फिरकलोच नव्हतो. डॉक्टरांनी खोली अंधारी करून बाबांच्या डोळ्यांवर निळा उजेड धरला. बराच वेळ.

बाबा म्हणाले, "लावला का दिवा?"

"लावला."

"मला नाही कळलं."

"तुम्हाला नाही कळलं, बाहुलीला कळलं," डॉक्टर म्हणाले. मला जवळ बोलावून दाखवलं. बाहुली आळसावल्यासारखी हळूहळू बारीक होत होती. काही जणांचं तेही जातं, यांचं शिल्लक आहे, असं त्यांनी सांगितलं. बाबांचा तो काळा चष्मा वापरू नका म्हणाले. तो मी आणून दिला होता. घरी येणाऱ्यांना त्यांच्या डोळ्यांकडे बघवत नाही, म्हणून.

घरी मात्र सगळं उलटं चाललं आहे. खिडकीशी नेल्यावर उतरण थांबेल असं मला वाटलं होतं. ती आणखी भराभर घसरायला लागली, रोज पाऊण तास. मी मॅडमना म्हटलं, माझं सगळंच चुकलं. त्या म्हणाल्या, झोपायच्या वेळेला उजेड मिळाला तर घड्याळ पुढे ढकललं जाणारच, ढकलू द्या, रात्रीपर्यंत पोचलं की सकाळचा उजेड त्याला धरून ठेवेल. हे मी स्वतः किती जणांना सांगितलं असेल. आपल्या घरातलं माणूस असलं की माझं डोकं चालत नाही, असं दिसतं.

मागे मी लिहिलं होतं की खाट सोयीसाठी आत हलवली. ते खरं नव्हतं. समोरच्या खोलीपासूनही न्हाणीघर अकराच पावलं आहे आणि उंबरा तिथेही नाही. खिडकी मला हवी होती. मी दिवसभर लाल विजेरीवर काम करते. सकाळी दहाला खोली अंधारी होते ती रात्री दहापर्यंत, कारण उंदरांची रात्र आमच्या कामाच्या वेळेत आणलेली असते. घरी असेन तेवढा वेळ तरी मला उजेड हवा होता. मी बाबांना म्हटलं, 'तुम्हाला खिडकी काय नि भिंत काय, सारखंच.' ते म्हणाले, 'खरंय,' आणि उशी उचलून माझ्यामागून चालत आले. दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. त्यांची झोप त्याच महिन्यापासून गेली.

हे मी बाबांना सांगितलेलं नाही. तुला लिहिते आहे, कारण तू लांब आहेस.

धाकटी


३० मार्च

दादा,

संस्थेतून काल फोन आला. खाट हवी की नको, उद्यापर्यंत सांगा, यादीत आणखी माणसं आहेत.

बाबा तेवीस तारखेपासून रोज दहाच्या आसपास झोपतात आणि सहाला उठतात. सात दिवस झाले. पूर्वीच्या हिशोबाने सात दिवसांत साडेतीन तास घसरायला हवे होते. दहा मिनिटंसुद्धा घसरले नाहीत. पण बरे दिवस पूर्वीही आले आहेत आणि मी पूर्वीही फसले आहे. मॅडमना विचारलं तर म्हणाल्या, उंदीर असता तर आणखी दोन आठवडे थांबा म्हणाले असते. संस्था दोन आठवडे थांबणार नाही.

आज मी खाट सोडली. चुकले तर पुन्हा तुझ्याकडेच यावं लागेल आणि तू पुन्हा सही करशील का, मला माहीत नाही. तू नाही म्हणालास तरी माझ्याजवळ बोलायला तोंड नाही. मला भीती वाटते आहे.

धाकटी


१२ एप्रिल

दादा,

एकवीस दिवस. पट्ट्या सरळ आहेत. मी नोंद थांबवली.

बाबा सकाळी खिडकीशी बसून चहा घेतात. विसरणं जवळजवळ गेलं. विसरत नव्हतेच म्हण, झोपेत बोलत होते. शेजारच्या काकूंना परवा म्हणाले, "तुमच्या आवाजावरून तुम्ही बारीक झालेल्या दिसता." काकू दिवसभर खूश होत्या.

काल नाश्त्याला बसलो होतो. मला म्हणाले, "माझं हे असं किती दिवस चाललं होतं?"

"दोन वर्षं."

"दोन वर्षांपूर्वी काय झालं?"

मला खोटं बोलता आलं असतं. वय म्हणून सांगितलं असतं तर डॉक्टरही माझ्या बाजूने उभे राहिले असते.

"खोली बदलली," मी म्हटलं.

"कोणी?"

"मी."

त्यांनी बोटांनी ताटाची कड चाचपली. "उजेडाचं असं असतं, हे तुला माहीत होतं?"

"उंदरांचं माहीत होतं."

त्यांनी कपातला चहा संपवला. मीच विचारलं, "रागावलात?"

"हो," ते म्हणाले, आणि आणखी अर्धा कप चहा मागितला.

धाकटी


२० एप्रिल

दादा,

बाबांनी तुला निरोप द्यायला सांगितलं आहे. त्यांना तुझ्याकडे राहायला यायचं आहे. तू हो म्हणशील हे त्यांनी गृहीत धरलं आहे. मीही धरलं आहे.

मी विचारलं, किती दिवसांसाठी. म्हणाले, ते तिथे गेल्यावर बघू. मी विचारलं, रागाने जाताय का.

"थोडा राग आहे," ते म्हणाले. "पण तेवढ्यासाठी नाही. तो न्यायला आला तेव्हा तुम्ही दोघं माझ्या डोक्यावरून भांडलात. मी गप्प बसलो. तुला वाटलं मी तुझ्या बाजूने आहे, त्याला वाटलं मी त्याच्या बाजूने नाही. मला कोणी विचारलंच नाही. नंतर मी दोन वर्षं धड शुद्धीवर नव्हतो. आता दिवसा जागा असतो, तर कुठे राहायचं ते मी सांगतो."

मी म्हटलं, "आणि मी?"

"तू झोप काढ," ते म्हणाले. हे प्रेमाने म्हणाले की कसं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

तेव्हा लिहून ठेव. खोली पूर्वेची हवी. तुझ्या मुलीची आहे ती पूर्वेची, असं बाबा म्हणतात. तिला विचारून घे, परस्पर सामान हलवू नकोस. सकाळी उठल्यावर तासभर त्यांना खिडकीशी किंवा गच्चीत बसव, डोळे उघडे, चष्मा नाही. ढग असले तरी चालतं. पाहुणे आले म्हणून चष्मा चढवू नकोस, ज्यांना बघवत नाही ते दुसरीकडे बघतील. संध्याकाळनंतर दिवे मंद. गोळ्या डॉक्टरांनी बंद केल्या आहेत, पिशवीत सापडल्या तर टाकून दे. घड्या घालायला कागद लागतात, ते जाड नकोत. 'आज काही दिसलं का' असं विचारू नकोस. मी पहिल्या आठवड्यात रोज विचारत होते. काही दिसत नाही.

शनिवारी तू न्यायला ये, मी त्यांना घेऊन स्टेशनावर थांबेन. त्यांना हात धरून डब्यात चढव. मी फलाटावरून निघेन, म्हणजे बोलायचा प्रश्न येणार नाही.

मला वाईट वाटतं आहे. ते बरे झाले आणि बरं झाल्याबरोबर निघाले. पिंजऱ्याचं दार उघडलं की उंदीर आधी दारातच थांबतो, हुंगतो. बाबा थांबलेसुद्धा नाहीत. कालच पिशवी भरून ठेवली आहे.

आणखी एक. मी महिन्यातून एकदा त्यांना बघायला आले तर चालेल का, हे तुला विचारायला बाबांनी मला सांगितलं. मी म्हटलं, तुम्हीच विचारा. ते म्हणाले, नाही, घर त्याचं आहे आणि तो न्यायला आला तेव्हा दार तू लावलं होतंस, तूच विचार.

तर विचारते आहे. उत्तर मला पाठवायला जड वाटलं तर त्यांना सांग. रविवारी सकाळी मी फोन करीन तेव्हा ते जागे असतील.

धाकटी